विंचू, प्राझोसिन आणि पेशीची शिरगणती

प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. फायझर कंपनीने ती काढली, १९७० च्या दशकात बाजारात आणली, आणि पुढे रक्तदाबासाठी तिच्याहून सोयीची औषधं आल्यावर शहरातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून ती मागे पडत गेली. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ती असायलाच हवी, आणि ती विंचवासाठी. मी पुण्यात औषधसंशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथेही प्राझोसिन माझ्या हातात असतं, पण दुसऱ्याच कामासाठी: पेशीच्या पृष्ठभागावर किती रिसेप्टर उरले आणि किती आत ओढले गेले, हे मोजायला. एकाच रेणूच्या या दोन कामांचा इतिहास एकत्र सांगितला पाहिजे असं मला फार दिवस वाटत आलं आहे. खाटेवरच्या रुग्णाबद्दल डॉक्टर जो प्रश्न विचारतो, तोच मी ताटलीतल्या पेशीला विचारते.

मी पाटोदा तालुक्यातली. बालाघाटाचा माथा, मुरमाड जमीन, बांधावर रचलेले दगड, दगडमातीच्या भिंतींची माळवदं. लाल विंचवाला याहून चांगला आसरा मिळायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांमध्ये माझी आजी होती. दगडाला हात घालायच्या आधी तो हातोड्याच्या दांड्याने उलटवून बघायचा, ही सवय तिला त्या कामावर लागली आणि म्हातारपणी चुलीजवळचा दगड हलवतानाही सुटली नाही. ‘इंचू’ हा शब्दसुद्धा ती तिन्हीसांजेनंतर काढू द्यायची नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांबरोबर ही भीती कारखान्याच्या तळावर जाते. पाचटाची कोपी, जमिनीवर अंथरूण, आणि आईबाप पहाटे फडात गेल्यावर एकटी झोपलेली लेकरं.

विंचू उतरवणारा माणूस पूर्वी गावोगाव असे. कुणी मंत्र टाकायचा, कुणी आघाड्याची मुळी उगाळून लावायचा, कुणी दोन्ही करायचा. गोदाकाठच्या या मुलखात विंचू इतका ओळखीचा की पैठणच्या एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचलं. उतरवणाऱ्यांना गुण यायचा, आणि त्यामागे साधं कारण होतं. मोठा काळा विंचू चावला की जीव जाईल अशी कळ येते, पण जीव जात नाही. काही तासांत वेदना आपोआप ओसरते. दहातल्या बहुतेकांना आपोआपच बरं वाटणार असेल तर उतरवणाऱ्याचं नाव होणारच. उरलेल्यांचं काय झालं, हे त्या घरांनाच ठाऊक. ती माणसं बहुतेक लहान मुलं असायची, आणि चावलेला विंचू लहान, तांबूस असायचा.

लाल विंचवाचं विष स्वतः हृदयावर फारसं काही करत नाही, ते मज्जातंतूंकडून करवून घेतं. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती एका क्षणात उघडून मिटायला हवीत. विषातली प्रथिनं ती मिटूच देत नाहीत, म्हणून तंतू पेटलेलेच राहतात आणि मज्जातंतूंची टोकं व अ‍ॅड्रेनल ग्रंथी मिळून अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिनचा लोंढा रक्तात सोडतात. मुलाला उलट्या होतात, अंगावरचा सदरा पिळून निघेल इतका घाम सुटतो, आणि त्याच वेळी हातपाय बर्फासारखे गार पडतात. मुलग्यांमध्ये शिस्न ताठरतं. आया हे सांगायला लाजायच्या, पण डॉक्टरसाठी ती फार मोलाची खूण असते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या दाबापुढे थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. विंचूदंशानंतर फुफ्फुसात असं पाणी साठतं हे मुंडले या डॉक्टरांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवलं होतं. निदान होत होतं, उपाय नव्हता.

उपाय म्हणून जे दिलं जायचं त्याची यादी मला एका निवृत्त परिचारिकाबाईंनी सांगितली. त्यांची सगळी नोकरी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाली. हे महाविद्यालय सत्तरच्या दशकात सुरू झालं, आणि ज्यांचं नाव त्याला दिलं ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी होण्याआधी याच गावात, तेव्हाच्या मोमिनाबादेत, शाळा चालवत होते. केज, धारूर, परळीकडून बैलगाडीने नाहीतर एसटीने मुलं आणली जायची. बाई सांगत होत्या, “अ‍ॅट्रोपिन द्यायचो, स्टेरॉइड द्यायचो, डिजॉक्सिन द्यायचो. गुंगीच्या औषधांचं मिश्रण द्यायचो. पोराचा हात हातात घ्यायचो तर गार. कुठलं औषध लागू पडतंय हेच कळायचं नाही ताई, कारण पोरगं कशानं मरतंय हेच नीट माहीत नव्हतं.”

हे माहीत करून घेण्याचं काम ज्यांनी केलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. मराठवाड्याचा माणूस कोकणात गेला आणि तिथे त्याला ओळखीचाच प्राणी भेटला. प्रयोगशाळा नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हता. त्यांच्याजवळ होती रक्तदाबाची पट्टी, स्टेथोस्कोप आणि रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून दर थोड्या वेळाने नोंद करण्याची चिकाटी. उलटी, घाम, गार हातपाय आणि शिस्नाचा ताठरपणा ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.डी. करून ते परत महाडलाच आले. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. त्याने मुलं वाचली, पण ते औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं आणि डोळ्यात तेल घालून रक्तदाब बघत बसायचं. दर गावात हे कसं जमणार? म्हणून ते प्राझोसिनच्या गोळीकडे वळले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर लिहिलेला त्यांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

लहान मुलाला दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या लेकराला एका मिलिग्रॅमचा तिसरा हिस्साही नाही. रुग्णाला आडवं ठेवायचं, उचलून उभं करायचं नाही, कारण या औषधाच्या पहिल्या मात्रेने रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते. पश्चिम भारतातल्या रुग्णालयांत १९६१ ते १९८३ या काळात लाल विंचवाच्या गंभीर रुग्णांमधले २५ ते ३० टक्के दगावत होते. प्राझोसिन आल्यावर हा आकडा एका टक्क्याच्या खाली गेला. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला वाटलं, त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा भाग लोकांना सांगायचा राहूनच जातोय. ते नुसतं औषध सापडणं नव्हतं. रोग रुग्णाच्या पेशीवर नेमका कुठे घडतोय, ही जागा त्यांनी खाटेजवळ बसून ओळखली होती.

त्या जागेचं नाव रिसेप्टर. केंब्रिजच्या लँग्लीने १९०५ साली निकोटिन आणि क्युरारेवर प्रयोग करताना अशी कल्पना मांडली की स्नायूत काहीतरी ‘स्वीकारणारं द्रव्य’ असलं पाहिजे आणि औषध त्यालाच जाऊन चिकटत असलं पाहिजे. त्याने ते पाहिलं नव्हतं, नुसतं ताडलं होतं. जून १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रेमंड आल्क्विस्टने एक शोधनिबंध छापला. तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि पोलिस कारवाईला तीन महिने होते. आल्क्विस्टचं म्हणणं असं की अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांसाठी शरीरात दोन तऱ्हेचे रिसेप्टर आहेत. एकाला त्याने अल्फा म्हटलं, दुसऱ्याला बीटा. ढोबळमानाने, अल्फा रक्तवाहिन्या आवळतात आणि बीटा हृदयाचे ठोके वाढवतात. पुष्कळ वर्षं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जेम्स ब्लॅकने बीटा अडवणारं प्रोप्रॅनोलॉल काढल्यावर जग आल्क्विस्टकडे वळलं. विंचवाच्या रुग्णात मात्र बीटा अडवून भागत नाही. आवळणारे अल्फा मोकळे राहतात आणि थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोरही निघून जातो. प्राझोसिन अल्फांपैकी ‘अल्फा-वन’ तेवढे अडवतं. लोंढा रक्तात असतोच, पण आवळण्याचा हुकूम रक्तवाहिनीपर्यंत पोचत नाही.

इथपर्यंतची गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. माझं काम याच्या पुढे सुरू होतं. रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर खिळे ठोकून बसवलेले नसतात. अ‍ॅड्रेनालिनचा मारा चालू राहिला की पेशी ते आत ओढून घेते. काही थोड्या वेळाने परत बाहेर येतात, काहींचा आतच नाश होतो. म्हणून औषध किती दिलं एवढ्यावर परिणाम ठरत नाही. ज्या क्षणी दिलं त्या क्षणी बाहेर किती रिसेप्टर होते, यावरही तो ठरतो. हे मोजायला माणसाला जवळजवळ वीस वर्षं लागली, आणि ती वीस वर्षं मला औषधशास्त्राच्या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटतात.

सुरुवात झाली डासाच्या अंड्यापासून. रॉथ आणि पोर्टर यांनी १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या मादीची अंडपेशी पाहिली. तिच्या पृष्ठभागावर आतून अस्तर लावलेले बारीक खळगे दिसले, आणि अंड्यातल्या बलकाचं प्रथिन त्या खळग्यांतून आत जात होतं. मग टेक्सासमध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन वंशपरंपरागत कोलेस्टेरॉलच्या रोगावर काम करू लागले. एका रुग्णाच्या पेशींवर कोलेस्टेरॉलचा कण नीट चिकटत होता, पण आत जातच नव्हता. चिकटणं आणि आत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका माणसाच्या त्वचेच्या पेशींनी दाखवून दिलं. सहकारी अँडरसनबरोबर ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी दाखवलं की त्याचे रिसेप्टर खळग्यांत गोळा होत नाहीत, आणि गोळा झाल्याखेरीज आत जाणं नाही. दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. रिसेप्टर आत जाण्याला शास्त्रात ‘इंटर्नलायझेशन’ म्हणतात.

अ‍ॅड्रेनालिनच्या रिसेप्टरांची मोजणी वेगळ्या वाटेने आली. ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफ्कोविट्झने औषधाच्या रेणूला किरणोत्सारी अणू लावून तो पेशीच्या आवरणाला चिकटवला. न चिकटलेलं धुऊन काढायचं, उरलेलं मोजायचं. ऐकायला सोपं आहे. करताना काचतंतूच्या गाळणकागदावर पेशींची आवरणं ओतायची, खालून पंपाने ओढायचं, आणि बर्फाइतक्या थंड द्रावणाने काही सेकंदांत धुवायचं, कारण उशीर झाला तर चिकटलेलंही सुटून जातं. मग तो ओला कागद कुपीत टाकून यंत्रात ठेवायचा आणि टिकटिक मोजायची. किरणोत्सारी ट्रिटियम लावलेलं प्राझोसिन या कामात १९७९ मध्ये आलं. महाडला विंचवाच्या रुग्णाला प्राझोसिन मिळण्याच्या काही वर्षं आधी उंदराच्या मेंदूतले अल्फा रिसेप्टर मोजायला ते वापरलं गेलं होतं.

त्याच वर्षी चुआंग आणि कोस्टा यांनी बेडकाच्या रक्तपेशींवर बीटा रिसेप्टर उत्तेजित करणारं आयसोप्रोटेरेनॉल सोडलं. पृष्ठभागावरचे रिसेप्टर कमी झाले आणि पेशीच्या आतल्या रसात सापडू लागले. ते नाहीसे झाले नव्हते, स्थलांतरित झाले होते. पण शंका उरलीच. मोजायला वापरलेलं द्रव्य स्वतःच पेशीत शिरत असेल, तर बाहेरचे किती आणि आतले किती हे वेगळं कसं करणार? याचं उत्तर १९८२ साली स्विट्झर्लंडमधल्या बाझलमधून आलं. श्टेहेलिन आणि सायमन्स यांनी सीजीपी-१२१७७ नावाचं द्रव्य वापरलं. ते पाण्यात विरघळतं आणि पेशीचं तेलकट आवरण ओलांडू शकत नाही, म्हणून बाहेर असलेल्याच रिसेप्टरांना चिकटतं. सीजीपी म्हणजे सिबा-गायगीचं उत्पादन. यातल्या सिबाने गोरेगावला १९६३ मध्ये संशोधन केंद्र उघडलं होतं, ते आपल्याकडच्या पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांची शाळा झालं.

ही युक्ती बीडच्या माणसाला पटकन कळेल. दसऱ्या-दिवाळीनंतर आमच्या गावात रेशन कार्डाची यादी वाचली तर सगळी घरं भरलेली असतात, आणि दारोदार हाक मारत गेलात तर ओ देणारे निम्मेही नसतात. बाकीचे कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात गेलेले. आवरण ओलांडणारं द्रव्य यादी मोजतं, न ओलांडणारं ओ देणाऱ्यांना मोजतं, आणि दोहोंतली वजाबाकी म्हणजे गेलेली माणसं. श्टेहेलिन आणि सायमन्सना दिसलं की उत्तेजन काढून घेतल्यावर गेलेले रिसेप्टर लवकरच पृष्ठभागावर परततात.

प्राझोसिनची अडचण अशी की ते आवरण ओलांडतं, म्हणजे ते यादी मोजणाऱ्यांपैकी आहे. मोजणाऱ्यांना हा दोष वाटत होता. ग्लासगो विद्यापीठात मॅकग्रा आणि सहकाऱ्यांनी त्याच दोषाचा उपयोग करून घेतला. प्राझोसिनला बॉडिपी नावाचा चमकणारा रंग जोडला की ते सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं दिसतं. जिवंत पेशीवर ते सोडलं तर पृष्ठभाग उजळतो आणि आतलेही ठिपके उजळतात. २००० साली त्यांनी माणसाच्या पेशींमध्ये अल्फा-वन रिसेप्टरांचा मोठा वाटा मुळातच आत असल्याचं दाखवलं. सगळ्यांनी रिसेप्टर म्हणजे पृष्ठभाग असं धरलेलं असताना हा धक्काच होता. मी ते चित्र विद्यार्थिनी असताना पहिल्यांदा पाहिलं. आपल्याकडे लेकरांना जी गोळी पाण्यात उगाळून देतात तिचाच रेणू तिथे पेशीच्या आत चमकत होता. मी याच कामात राहिले, त्यात त्या चित्राचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्रातून या मोजणीला मिळालेली एक देणगी मात्र अजून पुरेशी ओळखली जात नाही. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात नोएल डिसूझा, सुजाता भट आणि त्यांचे सहकारी कोलियस फोर्स्कोली या झाडाच्या मुळांतून नवं द्रव्य वेगळं करत होते. गुजरातीत याला गरमर म्हणतात आणि त्याच्या मुळांचं लोणचं घालतात. त्या द्रव्याचं नाव फोर्स्कोलिन. ते रक्तदाब उतरवतं म्हणून शोधलं गेलं होतं. १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सीमन आणि डेली यांना कळलं की फोर्स्कोलिन रिसेप्टरला बाजूला ठेवून थेट त्याच्या पुढच्या विकराला चालना देतं. मोजणाऱ्याला याहून उपयोगी गोष्ट कुठली? पेशी अ‍ॅड्रेनालिनला प्रतिसाद देईनाशी झाली, तर बीटा रिसेप्टर आत गेलेत की आतलं यंत्रच बिघडलंय? फोर्स्कोलिन टाकायचं. प्रतिसाद आला तर यंत्र धड आहे, दोष रिसेप्टरच्या टप्प्यावर आहे. जगातल्या बहुतेक रिसेप्टर प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये आज फोर्स्कोलिनची कुपी असते. लाल विंचवाच्या विषातून वेगळं केलेलं आयबेरिओटॉक्सिनही तसंच. १९९० पासून ते पोटॅशियमच्या एका मोठ्या दाराचं काम अभ्यासायला सगळीकडे वापरलं जातं.

नव्वदच्या दशकात काम वेगाने पुढे गेलं. रिसेप्टरला पकडून खळग्याकडे नेणारं अरेस्टिन हे प्रथिन लेफ्कोविट्झच्या प्रयोगशाळेत सापडलं. १९९७ मध्ये ड्यूकमध्येच जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन अरेस्टिनला जोडून, ते रिसेप्टरकडे धावताना प्रत्यक्ष पाहता आलं. लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गाळणकागद आणि किरणोत्साराची जागा रंग आणि कॅमेऱ्यांनी घेतली, आणि औषध कंपन्या एका ताटलीत ३८४ खळगे घेऊन हजारो द्रव्यं तपासू लागल्या.

माझ्या टेबलावर हे कसं होतं ते सांगते. आमच्याकडच्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशींना अल्फा-वनचा जनुक दिलेला असतो, आणि रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाला एक छोटी खूण जोडलेली असते. भारतात अशा पेशी मिळवायच्या तर पुष्कळदा पुण्यातल्याच एनसीसीएसकडे, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे जावं लागतं. ऐंशीच्या दशकात ते पेशींची साठवण म्हणून सुरू झालं. नॉरअ‍ॅड्रेनालिनचं द्रावण ताजं करावं लागतं. हवेने ते गुलाबी पडतं, म्हणून त्यात थोडं क जीवनसत्त्व घालतो. पेशींवर ते टाकून ताटली अर्धा तास ३७ अंशांवर ठेवायची आणि लगेच बर्फावर घ्यायची. चार अंशांवर आवरणाची हालचाल थांबते, जो जिथे आहे तो तिथेच राहतो. मग बाहेरच्या खुणेला चिकटणारं रंगीत प्रतिपिंड टाकायचं. पेशीचं आवरण शाबूत असेल तर ते आत जात नाही. सायटोमीटरमधून एकेक पेशी पुढे सरकते आणि लेझरसमोर किती चमकली याची नोंद होते. दुसऱ्या ताटलीत आवरणाला भोकं पाडून तीच मोजणी करायची, की यादी मिळाली. ताटली बर्फावर घ्यायला उशीर झाला तर आकडा खोटा येतो, आणि तो खोटा असल्याचं त्याच्याकडे बघून कळत नाही. नव्या मुलींना मी हे सगळ्यात आधी शिकवते.

एवढी मेहनत कशासाठी, असं मला गावाकडे विचारतात. कारण औषध रिसेप्टरला किती आत पाठवतं, यावरही त्याचा गुण ठरतो. मॉर्फिन आणि शरीरातलं त्याचं भावंड एकाच रिसेप्टरला चिकटतात, पण मॉर्फिन रिसेप्टरला फारसं आत पाठवत नाही. मधुमेह आणि लठ्ठपणासाठी आलेलं टिर्झेपटाइड जीएलपी-वन रिसेप्टरला शरीरातल्या मूळ संप्रेरकापेक्षा कमी प्रमाणात आत ढकलतं, आणि त्याच्या ताकदीचं एक कारण हे असावं असं संशोधक मानतात. उलट स्तनाच्या कर्करोगावरची काही औषधं अशी आहेत की ती रिसेप्टरबरोबर आत गेली तरच त्यांच्या पाठीवरचं विष गाठीत उतरतं. त्यांच्याबाबत रिसेप्टर आत जाणं हीच गुणाची परीक्षा. थकलेल्या हृदयातले बीटा रिसेप्टर मोजल्यावर ते सुमारे निम्मे उरलेले ब्रिस्टो यांना १९८२ मध्ये दिसले होते. हृदय अ‍ॅड्रेनालिनला दाद का देत नाही, याचा तो पहिला भक्कम पुरावा.

विंचवाकडे परत यायचं तर पुढचं पाऊल पुन्हा महाडातूनच पडलं. हाफकिनने विंचवावरची लस, म्हणजे प्रतिविष, तयार केल्यावर प्रश्न आला की प्राझोसिन पुरे आहे की दोन्ही हवीत. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर चाचणी केली आणि ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी साडेसतरा तासांहून थोडं जास्त लागलं, दोन्ही दिली तर दहा तास. रिसेप्टरच्या भाषेत बोलायचं तर प्रतिविष लोंढा उगमापाशी अडवतं आणि प्राझोसिन तो जिथे पोचतो तिथे. माझ्या मते हा लेख औषधशास्त्राच्या प्रत्येक वर्गात रिसेप्टरच्या धड्याबरोबर वाचला पाहिजे. अल्फा-वनचं पान उघडायचं आणि शेजारी पहिल्या काही तासांची रक्तदाबाची नोंद ठेवायची. विद्यार्थ्यांना तेवढ्यावरून कळेल की रिसेप्टर कागदावरची आकृती नसून लेकराच्या गार हातात तो काम करत असतो.

मराठवाड्यातल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुढे मी मोजणीबद्दल बोलते तेव्हा एक प्रश्न हटकून येतो: विष उतरल्यावरही काही मुलांचं हृदय दोन-चार दिवस मंद का चालतं? हृदयाच्या स्नायूला झालेली इजा हा उत्तराचा मोठा भाग. मोजणी त्याला एक भाग जोडते. आत गेलेले जे रिसेप्टर परत येणार असतात ते काही मिनिटांत ते काही तासांत येतात. ज्यांचा आत नाश झाला त्यांच्या जागी पेशीला नवे घडवावे लागतात, आणि त्याला दिवस लागतात. हृदय सुधारेपर्यंत मुलाला घरी सोडायचं नाही, असं वॉर्डातले जुने डॉक्टर सांगत आले आहेत. ते बरोबर सांगतात, आणि त्यामागचं एक कारण आता आकड्यांत दाखवता येतं.